जोतीरामदादांचा उजवा पाय

आमच्या दुकानात घाबरलेली माणसं रोज येतात. कुणाचा कॉम्प्युटर प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी बंद पडलेला असतो, कुणाचे लग्नातले फोटो उडालेले असतात. एखादा बापाला न सांगता नवं ग्राफिक कार्ड घेतो आणि त्याचा खोका कुठं लपवू म्हणून मलाच विचारतो. ही भीती मला लांबून ओळखू येते, आणि खरं सांगायचं तर आता तिचा कंटाळा आलाय. जोतीराम पायरीवर येऊन उभे राहिले तेव्हा मात्र मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. पन्नाशीकडं झुकलेला, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच गडी, अंगात खाकी कपडे, आणि चेहरा असा की आता हा कुणाच्यातरी मयताची बातमी सांगणार.

"ताई," ते म्हणाले, "वळणावर थांबत न्हाय असलं ग्राफिक कार्ड हाय काय तुमच्याकडं?"

माझं दुकान शिवाजी पेठेत, तालमीसमोरच्या बोळात आहे. गेम खेळणारी पोरं हे माझं अर्धं गिऱ्हाईक. ही पोरं कंपनीनं दिलेला गेम जसाच्या तसा कधी खेळत नाहीत. फुटबॉलच्या गेममध्ये पेठेतल्या संघांच्या जर्स्या चढवतात आणि मग कुणी कुणाचा गोलकीपर जास्त उंच केला यावरून माझ्याच काउंटरपाशी भांडतात. या हौसेच्या जोडकामाला मॉड म्हणतात. घर कंपनीनं बांधलेलं आणि वरचा पत्र्याचा मजला आपण चढवलेला, असा तो प्रकार. चढवताना खालच्या खांबांचा विचार कुणी करत नाही. गेम अडकायला लागला की मग व्हिडिओत ऐकलेली नावं घोकत माझ्याकडं येतात आणि मलाच शिकवतात. हा खाकीतला माणूस काहीच ऐकून आलेला नव्हता.

"गेम कसला हाय?" मी विचारलं.

"येस्टीचा."

त्यांच्या मागून त्यांची मुलगी आत आली. मोना तिचं नाव, कॉलेजात इंटिरियर डिझाइन शिकते आणि कॉम्प्युटर तिचाच. तिनं सगळं नीट सांगितलं. बस चालवायचा एक गेम आहे, त्याला आपल्याच भागातल्या कुणी पोरांनी कोल्हापूर ते गगनबावडा आणि पुढं कोकणात उतरणारा घाट जोडलाय. लाल एसटी जोडलीय, धुकं जोडलंय, रस्त्यात आडवी येणारी जनावरंसुद्धा जोडलीत. वर झाडं, दगड, पाट्या सगळं अगदी खऱ्यासारखं दिसावं म्हणून आणखी एक मॉड. गाडी बावड्यापर्यंत झकास जाते. घाटात शिरली की एका वळणावर चित्र अडकतं.

"कुठल्या वळणावर?"

मोनानं बापाकडं पाहिलं. बापानं जमिनीकडं पाहिलं.

"एकच हाय तसलं," ते म्हणाले.

मी त्यांना कार्डाचं गणित सांगितलं, सगळ्यांना सांगते तसंच. पडद्यावरचं चित्र हे कार्ड काढतं, आणि त्याला स्वतःची मेमरी असते. ते जेवणाचं ताट समजा. साध्या गेमला लहान ताट पुरतं. मॉड चढवले की पंगतीचं जेवण येतं, ताट भरून वाहतं, आणि मग प्रत्येक घासाला उठून स्वयंपाकघरात जावं लागतं. तेवढ्या वेळात चित्र अडकतं. धुकं, झाडी आणि जनावर एकदम आलं की हमखास. माझ्याकडं तेव्हा दोन कार्डं होती. एक नवं, चपळ, पण ताट लहान. दुसरं मागच्या पिढीतलं, जरा संथ, पण ताट मोठं.

मोनाला नवं पाहिजे होतं. नेटवर त्याचे आकडे मोठे होते. "पप्पा, हेच घेऊया, दिसायला लई स्मूथ हाय."

"आकडं वाचून कार्ड घेणारी माणसं मी रोज बघतो," मी म्हटलं. (आमच्याकडं बायकाही 'बघतो'च म्हणतात, परगावच्यांनी दचकू नये.) "स्टिअरिंग घेऊन या. हितंच लावून बघूया दोन्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं मैत्रिणीकडून उसनं आणलेलं स्टिअरिंग आणि तीन पेडलचा संच घेऊन आली. मी चाचणीच्या मशीनमध्ये आधी नवं कार्ड बसवलं. जोतीराम खुर्चीवर बसले आणि स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्यांनी त्याला नमस्कार केला. गेम सुरू झाला. गाडी कशी चालवायची हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. क्लच, गिअर, आरशात नजर, सगळं जागच्या जागी. मी कौतुकानं बघत होते. मग बावडा मागं पडलं, धुकं आलं, आणि माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या मानेवरून घाम ओघळतोय. दुकानात पंखा फुल होता.

वळण आलं आणि चित्र अडकलं. थरथरलं, थांबलं, पुन्हा थरथरलं. मोना म्हणाली, "बघा, हेच." मी चित्राकडं पाहतच नव्हते. मी खाली पाहत होते. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता, आणि तो असा दाबलेला की पेडलच्या खालची माझी रबरी चटई दुमडून वर आली होती. चित्र पुढं सरकलं, गाडी बंद पडली, गेमनं 'पुन्हा सुरू करा' म्हणून विचारलं. पाय तिथंच होता.

"दादा, झालं. उचला पाय."

"ताई, उचलत न्हाय," ते म्हणाले. मोठ्या माणसाचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोनानं खाली बसून बापाचा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. तिची सवयीची गोष्ट असावी, इतक्या सहज तिनं ते केलं.

मग चहा मागवला. कप हातात घेऊन ते सांगायला लागले.

"श्रावणातली गोष्ट. सकाळची गाडी, भरल्याली. धुकं इतकं की वायपर फिरालाय का न्हाय ते बी दिसंना. वळण हाताला पाठ हुतं माझ्या. आन् त्या धुक्यात गवा. आला न्हवं ताई, हुताच तिथं. हुबा. मी ब्रेक मारला. गाडी घसारली, कठडा मोडला, आन् म्होरलं चाक..." त्यांनी पंजा पालथा करून टेबलाच्या कडेबाहेर धरला. "इंजिन बंद पडलं. सगळा आवाजच गेला. मागं एवढी माणसं, पर कुणी वरडंना बी. केरबा, आमचा कंडक्टर, त्यानं मागचं दार उघडलं आन् एकेकाला उतरिवलं. माणूस उतारलं की गाडी हलायची. परत्येक माणसाला हलायची. मी हितं ब्रेक दाबून. ह्यांडब्रेकवर इस्वास कुठला ठेवायचा? सगळी उतारली. केरबानं चाकाला दगडं लावली, आत आला, म्हणाला, जोतीदा, उतर आता. पाय उचलंना. शेवटी त्यानं हातानं उचलला."

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. गावानं सत्कार केला, गळ्यात हार घातले. "हार घालून घेताना बी पाय दाबल्यालाच हुता," ते म्हणाले. तेव्हापासून कुठलाही उतार आला की पाय खाली जातो आणि वर येत नाही. डेपोतल्या साहेबांनी समजून घेतलं, आवारातलं हलकं काम दिलं, तयार झालात की सांगा म्हणाले. मोनानं तो मॉड शोधला, गेममध्ये कठडा मोडला तर मोडेल, माणूस तर मरत नाही म्हणून.

"पर कशाला परत जायचं त्या घाटात?" मी विचारलं. "हलकं काम हाय की."

"दुसऱ्याच्या गाडीत बसलो तरी त्या वळणाला मी डोळं मिटतो ताई. असं किती दिस मिटायचं?"

मी त्यांना मोठ्या ताटाचं कार्ड दिलं. ते वळणावर अडकलं नाही, तिथंच चालवून दाखवलं. पाय अडकला, पण चित्र अडकलं नाही. बाप-लेक स्कूटरवरून गेले आणि मी दुकानात एकटी बसले तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. माझी धाकटी बहीण, तेजस्वी, घाटाखालच्या गावात शाळामास्तरीण आहे. सुट्टीला कोल्हापूरला येते आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत जाते. त्याच गाडीनं. ज्याला मी आज कार्ड विकलं तो उद्या गाडीवर परत गेला की माझ्या बहिणीला घाटातून खाली नेणार होता, आणि त्याचा पाय त्याच्या ताब्यात नव्हता.

मला भीती वाटली की मी चिडते. हा माझा स्वभाव आहे, पेठेला तो माहीत आहे. त्या आठवड्यात मी दोन गिऱ्हाइकांना हाकललं आणि एका पोराच्या कार्डाला विनाकारण नावं ठेवली. तेजस्वीला फोन करून म्हटलं, आतापासूनच दुसऱ्या गाडीनं जात जा. ती म्हणाली, दुसरी गाडी दुपारी पोचते, पोरांना काय, दुपारपर्यंत थांबा म्हणून सांगू?

पुढं एके दिवशी जोतीराम कार्ड पिशवीत घालून आले. मला वाटलं, बिघडलं.

"हे परत घ्या. ते पयलं द्या."

"पयलं? जे अडकत हुतं ते?"

"व्हय."

"दादा, डोकं फिरलं काय तुमचं? माणसं अडकतंय म्हणून कार्ड बदलत्यात, तुम्ही अडकावं म्हणून बदलालायसा?"

ते म्हणाले, "ते अडकायचं तवा म्हणता येत हुतं, मशीन थांबली म्हणून मी थांबलो. आता चित्र चालू ऱ्हातंय. कठडा दिसतोय, झाडं दिसत्यात, गवा बी निघून जातोय. मी एकटाच थांबतोय. घरात पोरगी बघती."

मी ओरडले. मला दुसरं येत नाही. मी म्हटलं, "मशीनला दोष द्यायचा असला तर बाजारात जाऊन भंगार घ्या, माझ्या दुकानात दोष विकायला ठेवत न्हाय." ते पिशवी उचलून गेले. ते बोळाच्या टोकाला वळले तसा माझा राग उतरला आणि खाली नुसती धास्ती राहिली. वाटलं, हा माणूस कधीच बरा होऊ नये, गाडीवर परत जाऊच नये. असं एखाद्याचं वाईट मी चिंतावं याचीही मला भीती वाटली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या गावात कुणाचं अवजार पूजेवाचून राहत नाही. फाउंड्रीतली मशीन, शिलाईयंत्र, उसाचे ट्रॅक्टर, सगळ्यांना झेंडूचे हार. मीही स्क्रू-ड्रायव्हरला हळदकुंकू लावते. डेपोत गाड्या धुऊन, सजवून, नारळ फोडतात. जोतीरामांनी नोकरी लागल्यापासून दरवर्षी आपल्या हातानं गाडी पुजली होती. यंदा त्यांच्या हाती गाडी नव्हती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शटर वर करते तर ते पायरीवर बसलेले. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड. मी कागद उलगडला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिता येणार नाही. कार्ड पिवळंधमक होतं. हळद पंख्यात, हळद पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत, कुंकवाचं बोट मधोमध. वरून शिंपडलेलं पाणी वाळून डाग पडलेले. आणि पंख्याच्या पात्यात तांदळाचा एक दाणा, अक्षतांतला, घट्ट रुतलेला.

"दादा! ही काय खंडोबाची मूर्ती हाय?"

"गाडीच हाय की ती माझी सध्या. उघडलं, पुजलं, लिंबू ठेवलं पेडलखाली, चिरडलं, आन् घाटात घातली गाडी."

त्यांचा चेहरा वेगळा दिसत होता. घाबरलेला होताच, पण ती भीती पहिल्या दिवशीची नव्हती. एखादी गोष्ट हातातून निसटेल म्हणून जपून धरलेला माणूस जसा घाबरतो, तसे ते घाबरले होते.

ते सांगायला लागले. दाण्यानं पंखा अडला असणार, कार्ड तापलं असणार. घाटात शिरल्यावर, वळण दिसायला लागलं तेवढ्यात, पडदा काळा झाला. चित्र गेलं, पण आवाज राहिला. इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येत होता, एरवी चित्राच्या नादात तो त्यांच्या कानावर पडतच नव्हता. पाय रोजच्यासारखा ब्रेकवर गेला आणि रुतला. समोर काळोख. आणि त्या काळोखात इंजिन गुदमरायला लागलं, गाडी गिअरमध्ये असताना ब्रेक धरून ठेवला की गुदमरतं तसं. धाप लागल्यासारखं.

"आन् ताई, पाय उठला. मी न्हाय उचलला. इंजिन मराय लागलं की डायव्हरचा पाय उठतोच. इतकी वर्सं झाली, त्याला सांगावं लागत न्हाय. त्या दिवशी घाटात इंजिन आधीच मेलं हुतं. ऐकायला कायच न्हवतं."

मी दाणा चिमट्यानं काढला. हळद ब्रशनं झाडली, फुंकर-मशीननं उडवली, पट्ट्या पुसल्या. दुकानभर हळदीचा वास पसरला. कार्ड वाचलं. हातात देताना ते म्हणाले, "एक विचारू? चित्र बंद ठिवून गेम चालतोय काय?"

"मॉनिटरचं बटण दाबा, झालं." आणि मग माझ्या ध्यानात आलं, मी महिनाभर या माणसाला कार्ड विकत होते आणि याला पाहिजे होता स्पीकर. माझ्याकडचा मोठा, जुना स्पीकरचा जोड मी त्यांच्या स्कूटरला बांधून दिला.

मोना मधूनमधून येऊन सांगायची. पप्पा मॉनिटर बंद करून घाट उतरतात. कठड्याला धडकतात, पण पाय उठतो. आता मॉनिटर चालू करून उतरतात, आवाज एवढा मोठा ठेवतात की शेजारचे ओरडतात. आता आवाज कमी केलाय. डेपोत जाऊन सांगितलं. साहेबांना शेजारी बसवून रिकामी गाडी घाटातून नेली. पाय उठला. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळची गाडी त्यांना मिळाली, केरबासोबत.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आंधळ्यासारखं बसून शिकलेला पाय, काळ्या पडद्यासमोर, घरातल्या खुर्चीवर. गेममध्ये दरीत पडलं की 'पुन्हा सुरू करा' म्हणून विचारतात. त्या सोमवारी तेजस्वी जाणार होती.

आदल्या दिवशी ते दुकानात आले. काही घ्यायचं नव्हतं. काउंटरवरची एक केबल उगीच गुंडाळत उभे राहिले.

"रिकामी गाडी ऐकू येती ताई. इंजिन शेजारीच असतंय. पर गुदमरायचा पयला आवाज लई बारीक असतोय. भरल्या गाडीत माणसं बोलणार, पोरं रडणार, फोन वाजणार. त्यात ऐकू ईल काय मला?"

"न्हाय आलं तर?"

"न्हाय आलं तर पाय तिथंच." त्यांनी केबल खाली ठेवली. "मागनं आलेली गाडी धुक्यात काय बघून थांबणार?"

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मी बी येतो उद्या. बहिणीला पोचवायला." माझे हात काउंटरखाली एकमेकांत गुंतलेले होते. खरं तर मी पोचवायला जात नव्हते. तिला एकटीला त्या गाडीत बसवून इथं दुकानात घड्याळ बघत बसणं मला जमणार नव्हतं, एवढंच.

सोमवारी आम्ही दोघी चालकाच्या मागच्याच बाकावर बसलो. तेजस्वीला मी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं ती उतरेल. ती म्हणाली, "अक्का, मी दर सोमवारी त्यांना गुड मॉर्निंग म्हणत आलोय. त्यांनी आम्हाला कधी पाडलं न्हाय." पण खिडकीचा गज तिनं घट्ट धरला होता.

दिवाळी करून परतणाऱ्यांनी गाडी खच्चून भरली होती. फराळाचे डबे, पिशव्या, एका म्हातारीच्या मांडीवर टोपली. कोल्हापूरची गाडी म्हणजे बोलणं, आणि बोलणं म्हणजे ओरडणं. कुणी ऊस कधी तुटणार यावर वाद घालत होतं, कुणी फोनवरच्या जावयाला झापत होतं, दोघातिघांच्या मोबाइलवर एकाच वेळी वेगवेगळी गाणी. मी जोतीरामांचं डोकं मागून बघत होते. बावडा आलं, गेलं. पुढं ढग रस्त्यावर उतरलेला. पांढरं, जाड, हलत नसलेलं धुकं.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. उठून उभे राहिले, आमच्याकडं वळले.

"पावणं," ते म्हणाले, "एक इनंती हाय. म्होरं वळण हाय. वळण सरस्तोवर कुणी बोलू नका. फोन बंद करा. मला इंजिन ऐकू द्या."

गाडीत हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "का ओ, आता बोलायला बी तिकीट लागतंय काय?"

केरबा मागच्या दारापाशी उभा होता, बुटका, रुंद माणूस. तो म्हणाला, "श्रावणात ह्याच वळणाला चाक भाईर गेलतं, तवा ह्यानंच पाय दाबून समद्यास्नी राखलं. मी ह्याच दारातनं माणसं उतरवलीत. गप बसा म्हणतोय तर गप बसा."

हशा थांबला. कुणीतरी मोबाइलवरचं गाणं बंद केलं. मग दुसऱ्यानं. ऊसवाले गप्प झाले. माणसं एकमेकांकडं न बघता समोर बघायला लागली. एवढी भरलेली गाडी एवढी शांत मी जन्मात ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा इंजिन ऐकू आलं.

गाडी उतरायला लागली. समोर काचेत पांढरं सोडून काही नव्हतं. उजवीकडं खडक होता म्हणून होता, डावीकडं काहीच नव्हतं. मी बाकावरून पुढं वाकून त्यांच्या पायाकडं बघत होते. नव्यानं बांधलेला कठडा धुक्यातून दिसला, त्याचा रंग इतर कठड्यापेक्षा उजळ होता, आणि पाय ब्रेकवर गेला.

गेला आणि राहिला. गुडघा ताठ झाला. गाडी मंदावली. तेजस्वीची नखं माझ्या मनगटात रुतली. मला ओरडायचं होतं, दादा, उचला, आणि मी तळहात तोंडावर दाबून धरला. मागं कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही. सगळ्या गाडीनं श्वास धरला होता.

इंजिनाचा आवाज जड झाला. बारीक थरथर बाकाखालून माझ्या पाठीत आली. धाप लागल्यासारखी.

पाय उठला.

उठला आणि अलगद परत टेकला, हवा तेवढाच. स्टिअरिंग फिरलं, कठडा डावीकडून सरकत मागं गेला, रस्ता पुन्हा सरळ झाला. जोतीरामांच्या शर्टाची पाठ ओलीचिंब झाली होती. त्यांनी आरशात पाहिलं. डोळे भरलेले होते, पण हात ठाम होते.

"बोला की आता," ते म्हणाले.

मागं कुजबुज सुरू झाली. मग टोपलीवाल्या म्हातारीनं विचारलं, "झालं व्हय रं वळण?"

"एक झालं आज्जी," केरबा म्हणाला. "अजून लई हायती."

कुणी सांगितलं नाही, तरी सगळी गाडी पुन्हा गप्प झाली.